घाटमाथ्यावरची जकात

कॅसलरॉक ते कुळे हे रेल्वेचे अंतर 26 किलोमीटर. एवढ्यात रूळ सह्याद्रीच्या माथ्यावरून गोव्याच्या पायथ्याशी उतरतात, आणि उतार असतो 37 फुटांना 1 फूट. रेल्वेच्या हिशेबात हा उतार फार तीव्र. चढणाऱ्या मालगाडीला मागून ढकलायला जादा इंजिने लावावी लागतात. उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक तपासल्याशिवाय तिला पुढे सोडत नाहीत. ब्रेक निकामी होऊन गाडी सुटलीच, तर तिला वळवून घेण्यासाठी वाटेत चढावर नेलेले बाजूचे रूळ असतात. पर्यटक हा घाट दूधसागरच्या धबधब्यामुळे ओळखतात. पण 1888 ते 1961 या काळात इथून आंतरराष्ट्रीय सरहद्द जात होती. माथ्यावर कॅसलरॉकला आधी इंग्रजांची आणि पुढे स्वतंत्र भारताची चौकी, पायथ्याला कुळ्याला पोर्तुगीजांची. मधल्या जंगलात करंझोळ, दूधसागर, सोनालीम अशी लहान लहान स्टेशने.

सरहद्दीवर रेल्वे आली की राज्यकर्त्यांना एकाच वेळी दोन गोष्टी हव्या असतात. माल जितका जास्त जाईल तितका हवा असतो, कारण त्यात पैसा आहे. आणि नको तो माल, नको तो माणूस त्याच गाडीतून आत येऊ नये, हीही काळजी असते. गोव्याच्या या मार्गावर हा ताण पाऊणशे वर्षे टिकला, आणि शेवटी एका सरकारने गाडीच थांबवली. त्या थांबण्याने जे साधायचे होते ते साधले नाही. असे का झाले, हे समजायला मार्ग बांधला गेला तिथपासून सुरुवात करावी लागते.

कर्नाटकच्या पठाराला 1876 ते 1878 या वर्षांत भीषण दुष्काळाने ग्रासले. धारवाड, विजापूर, बेल्लारी या भागांत माणसे अन्नावाचून मेली, आणि बाहेरून धान्य आणायचे तर बैलगाडीशिवाय साधन नव्हते. बैल तर चाऱ्यावाचून आधीच मरत होते. या अनुभवानंतर इंग्रज सरकारने दुष्काळी मुलखात रेल्वे नेण्याचे धोरण स्वीकारले. सदर्न मराठा रेल्वे कंपनी 1882 मध्ये स्थापन झाली ती या धोरणातून. दुसरे कारण कापसाचे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर धारवाडच्या कापसावर पडली. तो समुद्राला पोचवायचा तर जवळचे बंदर हवे. आधी कारवारचा विचार झाला. तिथे बंदर आणि रेल्वे करण्याच्या योजनाही पुढे आल्या. पण कारवारच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर मुरगाव होते, खोल पाण्याचे आणि जुवारीच्या मुखाशी आडोशाला असलेले. अडचण एकच होती, ते पोर्तुगीजांचे होते.

लिस्बनमधले इंग्रज वकील रॉबर्ट मोरियर आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री आंद्राद कोर्व्हू यांनी ती अडचण तहाने सोडवली. 26 डिसेंबर 1878 रोजी तहावर सह्या झाल्या आणि जानेवारी 1880 पासून तो 12 वर्षांसाठी अमलात आला. मोरियरचा विचार साधा होता. सरहद्दीवर जकात राहिली तर गाडी प्रत्येक फेरीला अडणार, मग रेल्वे बांधून उपयोग काय? म्हणून गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधली जकातच काढून टाकायची, दोन्हीकडे बंदरांत एकच दर लावायचा, आणि पोर्तुगालने मुरगावपासून घाटमाथ्यापर्यंत रेल्वे व बंदर उभारायचे.

आज वाचताना हा तह काळाच्या पुढचा वाटतो. प्रत्यक्षात त्याची किंमत गोव्यातल्या सामान्य माणसाने मोजली. ब्रिटिश हिंदुस्थानात मिठावर जबर कर होता, आणि गोव्याचे मीठ स्वस्त. जकात उठवली आणि मीठ मोकळे सोडले, तर ते घाट चढून इंग्रजांचा महसूल बुडवणार. म्हणून तहाने गोव्यातल्या मिठागरांचा ताबाच इंग्रजांकडे दिला. त्यांनी उत्पादन आवळले, कित्येक लहान मिठागरे बंद झाली, आणि समुद्रकाठच्या माणसाला आपल्याच खाजणातले मीठ महाग झाले. माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांवर अबकारीचा नवा बोजा आला. या सगळ्याच्या बदल्यात पोर्तुगीज सरकारला दरवर्षी 4 लाख रुपये मिळायचे. सरहद्दीवरची झडती गेली खरी, पण ती नाहीशी झाली नव्हती. घाटातून उठून ती मिठागरात आणि माडाच्या बुंध्याशी येऊन बसली होती. नोकरीसाठी मुंबईची वाट धरणाऱ्या गोमंतकीयांची संख्या या वर्षांत वाढली, त्यामागे हेही एक कारण होते.

रेल्वेचे कंत्राट 1881 मध्ये इंग्लंडमधल्या ड्यूक ऑफ सदरलंडच्या पुढाकाराने जमलेल्या भांडवलदारांना मिळाले आणि लंडनमध्ये वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे कंपनी उभी राहिली. जमीन पोर्तुगीजांची, भांडवल इंग्रजी, आणि त्या भांडवलावरच्या व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची. कंपनीला नफा कमी पडला तर तूट सरकारने भरून द्यायची. ती तूट भागवायला इंग्रजांकडून येणारे वार्षिक 4 लाख हाताशी होते, म्हणून हमी देताना लिस्बनला फारशी चिंता वाटली नसावी. मुरगाव ते सावर्डे हा सपाटीवरचा टप्पा 1887 मध्ये सुरू झाला. घाटाला वेळ लागला. कडा फोडून, बोगदे खोदून, दूधसागरच्या तोंडावरून कमानींचा पूल टाकून 1888 मध्ये रूळ कॅसलरॉकला भिडले. मार्गाची एकूण लांबी सुमारे 82 किलोमीटर, रूळ मीटरगेज. पलीकडून लोंढा, हुबळीकडून सदर्न मराठाचे मीटरगेज रूळ येऊन मिळाले. त्यामुळे हुबळीत भरलेली वाघीण मुरगावच्या धक्क्यापर्यंत माल न उतरवता जाऊ शकत होती.

एवढे सगळे जमून आल्यावर मुरगाव मुंबईच्या तोडीचे बंदर होईल, अशी स्वप्ने पाहिली गेली. नकाशा तेच सांगत होता. हुबळीहून मुरगाव सुमारे 200 किलोमीटर, तर मुंबई त्याच्या तिपटीहून जास्त लांब. शिवाय पुण्याला मीटरगेजचा माल उतरवून ब्रॉडगेजवर चढवावा लागणार. पण व्यापार नकाशावर चालत नाही. मुंबईत पेढ्या होत्या, विमा होता, कापसाचा बाजार होता, आणि युरोपला जाणाऱ्या आगबोटी सतत ये-जा करत होत्या. मुरगावला कापूस आणून ठेवला तर बोट कधी येईल याचा भरवसा नव्हता. पुरेसा माल नाही म्हणून बोटी येत नाहीत आणि बोटी येत नाहीत म्हणून माल जमत नाही, या फेऱ्यात बंदर अडकले. त्यातच सदर्न मराठाची लोंढ्याहून बेळगाव-मिरजेकडून पुण्याला जाणारी शाखा पूर्ण झाली. आता त्याच कंपनीचा फायदा माल मुरगावला उतरवण्यापेक्षा लांब पुण्यापर्यंत नेण्यात होता.

मग 1892 उजाडले. तहाची 12 वर्षे संपली आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. मिठागरांवरून गोव्यात असंतोष होता, लिस्बनमध्ये तहाला विरोध होता, आणि इंग्रजांनाही आपल्या अटींत सूट द्यायची नव्हती. जकात पुन्हा सुरू झाली. इंग्रजांचे 4 लाख रुपये थांबले. भांडवलावरच्या व्याजाची हमी मात्र तशीच कायम राहिली, कारण ती तहात नव्हती, कंपनीशी केलेल्या करारात होती. या एका विसंगतीने पोर्तुगीज गोव्याच्या तिजोरीवर पुढची अनेक वर्षे भार टाकला. ज्या मार्गाचे सगळे अर्थकारण सरहद्दीवर झडती नसण्यावर उभे होते, त्याच्या मध्यावर चार वर्षांतच झडती परत आली होती. मला या मार्गाच्या इतिहासातला सगळ्यात निर्णायक क्षण हाच वाटतो. पुढे जे घडले त्यात राजकारणाचे रंग बदलले, पण घाटातल्या या गाठीशी सगळ्यांनाच झुंजावे लागले.

1902 मध्ये मार्गाचे संचालन सदर्न मराठा कंपनीकडे गेले, आणि 1908 पासून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेकडे. म्हणजे आता मालक कंपनी लंडनची, जमीन पोर्तुगीजांची, आणि इंजिन चालवणारा, गार्ड, वेळापत्रक ठरवणारा अधिकारी हे सगळे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या रेल्वेचे. गाडी कॅसलरॉकला सरहद्द ओलांडायची, पण गाडीची व्यवस्था बदलत नसे. बदलत असे ती कागदपत्रे. 1924 चा जमिनीवरील जकातीचा कायदा या बाबतीत कडक होता. परकी मुलखातून किंवा परकी मुलखात जमिनीवरून माल न्यायचा, मग त्यावर कर असो वा नसो, तर जकात अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून परवाना घेतलाच पाहिजे, असे त्यात होते. कराचा माल असेल तर कर भरल्यावर परवाना; कराचा नसेल तर तो खरोखर तसा आहे याची खात्री पटल्यावर परवाना.

हे कलम बैलगाडीला लावणे सोपे. मालगाडीला लावले की त्याचा अर्थ बदलतो. एका गाडीत वीस व्यापाऱ्यांचा माल, आणि प्रत्येकाचा कागद वेगळा. एका वाघिणीचा कागद अडला तर ती काढून बाजूच्या रुळावर टाकायची, मागची पुढे जोडायची, आणि हे सगळे घाटमाथ्यावरच्या मोजक्या रुळांच्या यार्डात. पावसाळ्यात कॅसलरॉकला धो धो पाऊस पडतो आणि धुके हलत नाही. तिथे ताडपत्री उचलून पोती मोजणे सोपे काम नव्हते. तिथून खाली कुळ्याला आले की पोर्तुगीज अधिकारी पुन्हा तेच तपासणार, वेगळ्या भाषेत आणि वेगळ्या दराने. प्रवाशांचेही तेच. मुंबईहून गोव्याला निघालेला चाकरमानी पुणे, मिरज, लोंढा करत कॅसलरॉकला यायचा आणि तिथे ट्रंक उघडायचा. कुळ्याला पुन्हा उघडायचा. गणपतीला, नाताळला, फेस्ताला घरी जाणाऱ्या गोमंतकीयांच्या कित्येक पिढ्यांच्या आठवणींत ही दोन स्टेशने आहेत.

तरीही वाहतूक चालू राहिली, हे विसरता कामा नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेल्लारी जिल्ह्यालगतच्या संडूर संस्थानातले मँगनीज परदेशी जाऊ लागले, तेव्हा त्याला मुरगाव सोयीचे ठरले. गोव्याला लागणारा तांदूळ, कापड, साखर, भाजीपाला वरून खाली येत असे. वर जात असे मीठ, नारळ, काजू, सुकी मासळी. गोव्याचे तांदळाचे पीक स्वतःच्या लोकसंख्येला पुरत नसे, त्यामुळे या रुळांवर आणि बंदरावर गोव्याचे पोट अवलंबून होते.

दुसऱ्या महायुद्धात सुरक्षेचा प्रश्न वेगळ्याच रूपात आला. पोर्तुगाल तटस्थ होता. एरेनफेल्स, ब्राऊनफेल्स आणि द्राखेनफेल्स ही तीन जर्मन जहाजे मुरगावच्या बंदरात आश्रयाला होती, सोबत एक इटालियन जहाज. शत्रूची जहाजे जिथे नांगर टाकून उभी, त्याच बंदराच्या धक्क्यापर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानातल्या रेल्वेच्या गाड्या रोज जात होत्या. मित्रराष्ट्रांच्या जहाजांच्या हालचाली एरेनफेल्सवरून बिनतारी यंत्राने जर्मन पाणबुड्यांना कळवल्या जातात, असा इंग्रजांना संशय होता. 9 मार्च 1943 च्या पहाटे कलकत्ता लाइट हॉर्समधले बरेचसे मध्यमवयीन स्वयंसैनिक एका जुन्या बार्जमधून समुद्रमार्गे आत शिरले आणि एरेनफेल्सवर चढले. त्या धुमश्चक्रीत जर्मन खलाशांनी आपली जहाजे स्वतःच पेटवून बुडवली. तटस्थ देशाच्या बंदरात केलेली ही कारवाई अनेक वर्षे गुप्त ठेवली गेली. घाटातल्या गाड्या त्यानंतरही पूर्वीसारख्याच चालू राहिल्या; इंग्रजांना गोवा जिंकायचा नव्हता, त्याच्याशी व्यवहार करायचा होता.

यानंतर जे अडवायचे होते ते माल या सदरात बसणारे नव्हते. 18 जून 1946 रोजी मडगावात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली आणि गोव्यातल्या पोर्तुगीजविरोधी चळवळीने नवे वळण घेतले. त्यांना हद्दपार करण्यात आले. सप्टेंबरमध्ये ते रेल्वेने परत निघाले, तेव्हा पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना कुळे स्टेशनवरच उतरवून अटक केली, आग्वादच्या किल्ल्यात ठेवले आणि पुन्हा हद्दीबाहेर काढले. जिथे पोती मोजली जात होती तिथेच आता माणसे, पत्रके, वर्तमानपत्रे तपासली जाऊ लागली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यात छापल्या जाणाऱ्या लग्नपत्रिकेलाही सेन्सॉरची परवानगी लागत असे. अशा राज्यात पुण्या-मुंबईची मराठी वर्तमानपत्रे घेऊन येणारी गाडी हे पोलिसांना दारूगोळ्याइतकेच धोक्याचे वाटले असेल तर नवल नाही.

1947 नंतर दोन्ही बाजूंचे हेतू पार बदलले. भारताने फेब्रुवारी 1950 मध्ये पोर्तुगालकडे वाटाघाटींची औपचारिक मागणी केली. ती नाकारली गेली. एकीकडे हे चालू, दुसरीकडे सरहद्दीवर चोरट्या व्यापाराला तेजी आली. भारतात सोन्याच्या आयातीवर बंधने होती, त्यामुळे भाव चढे. गोव्यात सोने मोकळेपणे उतरत होते. घड्याळे, परदेशी कापड, पेने हेही तसेच. आणि दारू. कॅसलरॉक ज्या उत्तर कानडा जिल्ह्यात आहे तो 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, आणि मुंबई राज्याने 1950 पासून संपूर्ण दारूबंदी लागू केली होती. म्हणजे घाटाच्या वर एक थेंब दारू बाळगणे गुन्हा, आणि घाटाखाली गावोगावी फेणीच्या भट्ट्या. मिठाच्या काळात जी गत होती तीच पुन्हा आली: घाटाच्या दोन बाजूंना कर आणि कायदा वेगळा असला की मधला डोंगर हा चोरट्या व्यापाऱ्यांचा धंदा होतो. गाडीत झडती कडक झाली की माल रानवाटेने डोक्यावरून जायचा. रूळ हे सरकारला सगळ्यात सहज तपासता येणारे ठिकाण, म्हणून तपासणी तिथे सगळ्यात कडक होई. आणि तिचा त्रास मुख्यतः सरळमार्गी प्रवाशाला होई.

जून 1953 मध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. 1954 च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगरहवेली हे पोर्तुगीज मुलूख स्वातंत्र्यसैनिकांनी मुक्त केले. त्या वर्षी सरहद्दीवर ये-जा करायला परवाने आले, आणि गोव्याकडे जाणाऱ्या मालावर निर्बंध वाढत गेले. पुण्यात गोवा विमोचन सहायक समितीने सत्याग्रहींच्या तुकड्या पाठवायला सुरुवात केली. मे 1955 मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट गेले. पुढे मधू लिमये गेले. गोरे आणि लिमये यांना लांब मुदतीच्या शिक्षा झाल्या. मग आला 15 ऑगस्ट 1955. देशभरातून जमलेले हजारो नि:शस्त्र सत्याग्रही पत्रादेवी, तेरेखोल, बांदा, कॅसलरॉक अशा अनेक ठिकाणांहून सरहद्द ओलांडायला निघाले. कॅसलरॉकहून निघालेल्यांना दुसरी वाट नव्हती. ते रुळांवरूनच खाली निघाले. पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्या एका दिवसात सरहद्दीवर 20 हून अधिक माणसे मारली गेली. पाऊणशे वर्षांपूर्वी दुष्काळी मुलखाला धान्य पोचावे म्हणून ज्या मार्गाचा विचार सुरू झाला, त्याच्या रुळांवर नि:शस्त्र माणसांवर गोळीबार झाला.

देशभर संताप उसळला. मुंबईत हरताळ पडला, निदर्शने झाली. भारत सरकारने गोव्यातली आपली कचेरी बंद केली आणि मुंबईतली पोर्तुगीज कचेरी बंद करायला लावली. त्याबरोबर रेल्वे थांबली. 1951 पासून हा मार्ग भारताच्या दक्षिण रेल्वेकडून चालवला जात होता, त्यामुळे तो थांबवायला कुणाची परवानगी लागत नव्हती. कॅसलरॉकच्या खाली भारतीय गाडी जाणे बंद. गोव्याच्या हद्दीतले रूळ पोर्तुगीजांनी स्वतः चालवायला घेतले. जहाजवाहतूक थांबली, व्यापार थांबला, मुंबईच्या गोमंतकीयांनी गावाकडे पाठवायच्या पैशांवरही बंदी आली.

सरहद्दीवरून जाण्याच्या हक्काचा प्रश्न याच सुमारास हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. डिसेंबर 1955 मध्ये पोर्तुगालने भारताविरुद्ध दावा लावला. तो गोव्याच्या रेल्वेचा नव्हता, दमणहून दादरा-नगरहवेलीकडे भारतीय मुलखातून जाण्याच्या हक्काचा होता. पण न्यायालयाने 12 एप्रिल 1960 च्या निकालात केलेली विभागणी या सगळ्या इतिहासाला लागू पडते. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना पूर्वापार चालत आलेला जाण्याचा हक्क होता, असे न्यायालयाने मानले. सशस्त्र फौज, सशस्त्र पोलिस, शस्त्रे आणि दारूगोळा यांना असा हक्क कधीच नव्हता. आणि 1954 च्या तणावात वाहतूक थांबवताना भारताने आपल्या जबाबदारीचा भंग केला नाही, असेही ठरवले. माल आणि सुरक्षा यांच्यामधली रेघ कायद्याच्या भाषेत इतकी स्पष्ट मांडली गेली, पण पोर्तुगालला हवे होते ते त्यातून मिळाले नाही.

आता नाकेबंदीचा परिणाम. तिच्यामागचा हिशेब असा होता: गोव्याचे धान्य, भाजी, कापड, पैसा हे सगळे भारतातून जाते, ते थांबले की राजवट टिकणार नाही. मिठाच्या तहाच्या काळात हा हिशेब बरोबर ठरला असता. 1955 मध्ये तो चुकला, कारण दरम्यान गोव्याच्या डोंगरांतून लोहखनिज बाहेर पडू लागले होते. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या जपानला पोलाद उद्योग पुन्हा उभारायचा होता, आणि डिचोली, साखळी, सांगे भागातल्या खाणींचे खनिज त्यांना हवे होते. 1950 मध्ये गोव्याची खनिज निर्यात 1 लाख टनाच्याही आत होती. 1961 पर्यंत ती वर्षाला 60 लाख टनांच्या वर गेली. हे खनिज बहुतांशी घाटाकडे जातच नव्हते. खाणीतून ट्रकने नदीकाठी, तिथून बार्जमध्ये भरून मांडवी किंवा जुवारीने खाली, आणि मुरगावला जहाजात. 1959 मध्ये तिथे खनिज चढवायची यांत्रिक व्यवस्थाही झाली. ज्या बंदराने कर्नाटकाकडे तोंड करून 60 वर्षे वाट पाहिली, त्याने आता समुद्राकडे आणि आपल्याच नद्यांकडे तोंड फिरवले होते. घाट बंद झाला तरी बंदराचे पोट भरत राहिले.

खनिजातून परकीय चलन आले आणि त्यातून माल आला: बटाटे हॉलंडमधून, वाइन आणि टिनबंद अन्न पोर्तुगालमधून, तांदूळ आशियातल्या इतर देशांतून. दाबोळीला 1955 मध्येच विमानतळ सुरू झाला होता. तिथून पोर्तुगीज भारताची स्वतःची विमाने कराचीला आणि लिस्बनला जाऊ लागली. पणजीच्या दुकानांत युरोपचा माल इतका सहज मिळे की भारतातल्या लोकांना त्याचे अप्रूप वाटे. मग नाकेबंदी कुणाला जाणवली? ज्यांचे घर मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालत होते त्यांना. ज्यांचा मुलगा गिरणीत, बोटीवर किंवा कुणाच्या स्वयंपाकघरात काम करत होता आणि आता पैसे पाठवू शकत नव्हता, अशा म्हाताऱ्या आईबापांना. घरी यायचे तर परवाने काढून कारवारकडून माजाळी-पोळेंच्या वाटेने सामान घेऊन पायी सरहद्द ओलांडावी लागे. राजवटीला टेकीस आणण्यासाठी थांबवलेल्या गाडीने गरिबाला टेकीस आणले, हे मान्य करणे भाग आहे. भारत सरकारवर त्यासाठी ठपका ठेवणे मला न्याय्य वाटत नाही. नि:शस्त्र लोकांवर गोळ्या घातल्यावर कुठल्याही सरकारला दुसऱ्या दिवशी मालगाडी पाठवणे शक्य नव्हते. पण त्या निर्णयाची किंमत कुणी मोजली हे नोंदवायला हवे.

सहा वर्षांनी प्रश्न सुटला तो सैन्याने. डिसेंबर 1961 मध्ये फौज बेळगाव परिसरात जमवली गेली, आणि या जमवाजमवीत रेल्वेचाच वाटा मोठा होता. मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्या 17 व्या डिव्हिजनच्या तुकड्या उत्तरेकडून आणि पूर्वेकडून आत शिरल्या. पूर्वेची चाल अनमोडच्या घाटाने मोल्याकडे, म्हणजे रेल्वेच्या घाटाला जवळपास समांतर उतरली. पोर्तुगीजांनी पूल उडवले, पण प्रतिकार फार काळ टिकला नाही. 19 डिसेंबरला गव्हर्नर जनरल वसालू ई सिल्वा यांनी शरणागती पत्करली.

1962 मध्ये घाटातून गाडी पुन्हा सुरू झाली. मार्ग दक्षिण रेल्वेत आला, 1966 मध्ये नव्या दक्षिण मध्य रेल्वेत गेला, आणि 2003 मध्ये हुबळीला मुख्यालय असलेल्या दक्षिण पश्चिम रेल्वेत. जकातीची गाठ गेल्यावर 1892 नंतर पहिल्यांदाच मुरगावला ते मिळाले ज्यासाठी मोरियरने तह केला होता: बंदरापासून पठारापर्यंत अडथळा नसलेली सलग रेल्वे. 1990 च्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाला. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि मुंबई-गोवा प्रवाशाने हा लांबचा वळसा सोडला. घाट पुन्हा मुख्यतः मालगाड्यांचा झाला. बेल्लारी-होस्पेटचे लोहखनिज खाली येऊ लागले, आणि आयात केलेला कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांसाठी वर जाऊ लागला.

त्याबरोबर नवा वाद आला, आणि तो अजून मिटलेला नाही. कोळशाची वाहतूक वाढवायला मार्ग दुहेरी करायची योजना पुढे आली तेव्हा वास्कोपासून चांदोरपर्यंतच्या गावांनी तिला विरोध केला. नोव्हेंबर 2020 मध्ये चांदोरला लोक रात्रभर रुळांवर बसले. घाटातला टप्पा अभयारण्याच्या जंगलातून जातो. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याच्या दुहेरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. या घाटातून काय आणि किती जाऊ द्यायचे हे ठरवण्याचा अधिकार इंग्रज, पोर्तुगीज आणि भारत सरकार यांच्याकडे होता. त्यात आता रुळांकाठच्या गावांनी आणि न्यायालयाने आपली जागा घेतली आहे.